अपडेटनंतर रुपयाचा डॉलर झाला, तर आधी तारखा बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाऊसचे हिशेब एक ताई एक्सेलमध्ये ठेवतात. रात्रीतून विंडोजचं अपडेट झालं. सकाळी फाइल उघडली तर कालपर्यंत ₹ १२,५०,०००.०० दिसणाऱ्या रकान्यात $१,२५०,०००.०० दिसायला लागलं. शेजारच्या रकान्यात ₹ शाबूत आहे, पण स्वल्पविराम तिथेही अमेरिकन पद्धतीने पडलेत. काही सेलमध्ये नुसतेच ####. फाइंड-रिप्लेस लावून $ च्या जागी ₹ टाकायला गेल्या, तर एक्सेल म्हणतं ‘सापडत नाही’. मार्चएंड डोक्यावर आहे आणि शेठ विचारताहेत की सगळं परत टाइप करायचं का.

ताई, काहीही टाइप करू नका. आज उघडलेल्या फाइल सेव्ह न करता बंद करा, आणि अपडेटच्या आदल्या दिवशीची एक प्रत पेनड्राइव्हवर बाजूला काढून ठेवा. मग चहा घ्या. घाई करून या प्रकारात कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

आता त्याच $१,२५०,०००.०० वाल्या सेलवर एकदा क्लिक करा आणि वरच्या फॉर्म्युला बारमध्ये बघा. तिथे १२५०००० एवढंच असेल. डॉलर नाही, रुपया नाही, स्वल्पविराम नाही. तुमच्या फाइलमध्ये साठवलेलं आहे ते एवढंच. बाकी सगळा साज एक्सेल दाखवताना चढवतं. रिप्लेसला $ सापडला नाही तोही म्हणूनच. जे सेलमध्ये नाहीच ते रिप्लेस शोधणार कुठे? तुम्हाला तो निरोप वाईट वाटला असेल, पण सकाळपासून मिळालेली ती पहिली चांगली बातमी आहे.

पण रिप्लेसचा नाद आता सोडा, कारण प्रत्येक शीटवर नशीब इतकं चांगलं नसतं. एका पतसंस्थेत मी हे निस्तरलंय. तिथेही असाच रातोरात डॉलर आला. तिथल्या क्लार्कने ‘$ शोधा, त्या जागी काही नाही’ असं पूर्ण वर्कबुकवर चालवलं. एक्सेलने आनंदाने सांगितलं की शेकडो ठिकाणी बदल केला. दिसणारे डॉलर मात्र तसेच राहिले, कारण रिप्लेसने काढले ते सूत्रांतले डॉलर. व्याजाचं सूत्र होतं ‘डी १४० गुणिले $एफ$२ भागिले १२’. एफ २ मध्ये व्याजदर, त्याच्याखाली एफ ३ मध्ये दंडव्याजाचा दर, एफ ४ रिकामा. सूत्रातले ते दोन $ म्हणजे खुंटीला बांधलेला दोर. सूत्र खाली ओढलं तरी दर एफ २ मधूनच घ्यायचा. दोर सुटला तरी त्या दिवशी उत्तर तेच आलं, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. पुढच्या महिन्यात नवे कर्जदार जोडले, शेवटची ओळ खाली ओढली. पहिल्या नव्या कर्जदाराला दंडव्याज लागलं आणि त्याच्याखालच्या सगळ्यांना शून्य. शून्यवाल्यांपैकी कुणीही तक्रार घेऊन आलं नाही. दंडव्याजवाला मात्र पासबुक घेऊन काउंटरवर उभा राहिला, तेव्हा हे उघडकीला आलं.

तर मग डॉलर आला कुठून? सेलमध्ये आकडा असतो, त्याच्यावर फॉरमॅट असतो, आणि त्या फॉरमॅटला ‘इथलं चलन कोणतं, स्वल्पविराम कुठे’ हे सांगणारं विंडोजचं रीजन असतं. तुमचा आकडा जागेवर आहे, फॉरमॅटही जागेवर आहे. बदललंय ते रीजन: ‘इंग्लिश (इंडिया)’ होतं, ते ‘इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)’ झालं. कधी मोठ्या अपडेटनंतर विंडोज भाषा नव्याने विचारतं आणि आपण ‘नेक्स्ट नेक्स्ट’ करत जातो. कधी लॉगिनसाठी नवं युजर प्रोफाइल तयार होतं. ही सेटिंग प्रत्येक युजरची वेगळी असते, त्यामुळे एकाच कॉम्प्युटरवर तुमच्या लॉगिनमध्ये डॉलर आणि शेठच्या लॉगिनमध्ये रुपया असं चित्रही दिसू शकतं. दोघेही आपलंच खरं म्हणून भांडतात आणि दोघांचंही बरोबर असतं.

दुरुस्ती पाच मिनिटांची आहे. एक्सेल पूर्ण बंद करा. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘रीजन’ उघडा, ‘फॉरमॅट्स’ टॅबवर ‘इंग्लिश (इंडिया)’ निवडा. विंडोज ११ च्या सेटिंग्जमधून जाणार असाल तर ‘टाइम अँड लँग्वेज’मधलं ‘लँग्वेज अँड रीजन’ उघडा. तिथे दोन गोष्टी जवळजवळ आहेत आणि माणसं हमखास चुकीच्या जागी जातात. ‘कंट्री ऑर रीजन’मध्ये भारत असून उपयोग नाही, आकड्यांचं रूप ठरतं ते ‘रीजनल फॉरमॅट’वरून. नंतर कंट्रोल पॅनेलमधल्याच खिडकीत ‘अॅडिशनल सेटिंग्ज’ दाबा. ‘नंबर्स’ टॅबवर ‘डिजिट ग्रुपिंग’ १२,३४,५६,७८९ असं हवं. मग ‘करन्सी’ टॅबवर जा, कारण तिथे ग्रुपिंग पुन्हा वेगळं असतं, आणि चिन्ह ₹ आहे ना तेही बघा. एक टॅब दुरुस्त करून दुसरा तसाच सोडला की अर्ध्या फाइल बरोबर, अर्ध्या चूक दिसतात आणि माणूस आणखीच चक्रावतो. कुणी पूर्वी तिथे हाताने काही खुडबुड केली असेल तर ‘रीसेट’ दाबा, त्या रीजनचं मूळ रूप परत येतं. खाली ‘शॉर्ट डेट’मध्ये दिवस आधी, महिना नंतर आहे हेही याच फेरीत पाहून घ्या. तारखांविषयी लगेच सांगतोच.

एक्सेलमध्येही ‘ऑप्शन्स’, ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये ‘यूज सिस्टिम सेपरेटर्स’ अशी एक टिकखूण आहे. ती काढून स्वल्पविराम आणि दशांशचिन्ह बदलता येतात, पण दोन-दोन आकड्यांचं लाख-कोटीचं ग्रुपिंग तिथून मिळत नाही. ती टिक असू द्या. #### चं तर काही विशेष नाही. नव्या रूपातला आकडा रकान्यात मावेना, इतकंच. रकान्याच्या कडेवर डबल-क्लिक केलं की झालं.

आता खरी काळजीची गोष्ट. डॉलर दिसला म्हणून तुम्ही थांबलात, ते फार बरं झालं. पण त्याच रीजनवर तारखाही चालतात, आणि तारीख बदलली तर ती डॉलरसारखी ओरडून सांगत नाही. जुन्या एक्सेल फाइलमध्ये आधीच नोंदलेल्या तारखा सुरक्षित आहेत. तिथे ३ एप्रिल २०२५ ही तारीख ४५७५० अशा नुसत्या आकड्यात साठवलेली असते. दिसायला ती ४/३/२०२५ दिसेल, रीजन परत आणलं की ठीक होईल. प्रश्न आहे तो अपडेट झाल्यानंतर आणि रीजन दुरुस्त होण्याआधी जे काही टाइप झालं किंवा बाहेरून आणलं त्याचा.

समजा आज सकाळी बँकेचं स्टेटमेंट सीएसव्हीमध्ये (म्हणजे रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेल्या साध्या मजकूर-फाइलमध्ये) उतरवलं आणि डबल-क्लिक करून उघडलं. त्यात ०३-०४-२०२५ आहे. अमेरिकन रीजनमध्ये एक्सेल ते ४ मार्च समजतं आणि ४५७२० असं साठवतं. तीस दिवसांचा फरक, आणि नेमका आर्थिक वर्षाच्या सीमेवर! एप्रिलमधला भरणा मागच्या वर्षात जाऊन बसला. त्याच स्टेटमेंटमधली २५-०४-२०२५ मात्र पंचविसावा महिना नसल्यामुळे तारीख म्हणून स्वीकारलीच जात नाही, ती मजकूर म्हणून पडून राहते. म्हणजे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या तारखा गुपचूप उलटतात आणि नंतरच्या नुसत्या लंगड्या होतात. ओळखायची खूण सोपी आहे. रकान्याचं अलाइनमेंट कुणी हाताने बदललेलं नसेल तर खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. एकाच रकान्यात काही डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या की समजा, उजवीकडच्या संशयित आहेत. डावीकडच्यांवर काम करायची सगळ्यांना घाई असते; बिघाड उजवीकडे असतो.

अशी फाइल हाताने सुधारत बसू नका. रीजन नीट केल्यावर मूळ सीएसव्ही बँकेच्या साइटवरून पुन्हा उतरवा आणि या वेळी डबल-क्लिक न करता ‘डेटा’ टॅबमधल्या ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने आणा. तिथे रकान्याचा प्रकार ठरवताना ‘यूझिंग लोकेल’ असा पर्याय मिळतो. लोकेल म्हणजे एखाद्या देशाची तारखा-आकडे लिहायची पद्धत. त्यात इंग्लिश (इंडिया) ठरवून दिलं, की पुढच्या वेळी विंडोजने काहीही गोंधळ घातला तरी ती क्वेरी, म्हणजे फाइल आणायची ही साठवलेली कृती, ठरलेल्या रूपातच वाचते. जुनी आवृत्ती असेल तर ‘टेक्स्ट टू कॉलम्स’च्या तिसऱ्या पायरीवर तारखेसाठी ‘डीएमवाय’ (दिवस-महिना-वर्ष) निवडता येतं.

तुमचा माल युरोपात जात असेल तर हे आणखी महत्त्वाचं. आपल्याकडची द्राक्षं मोठ्या प्रमाणात नेदरलँड्सला जातात, आणि तिथे दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब असतं. त्यांच्याकडून आलेल्या सीएसव्हीत ‘१२.५००’ म्हणजे साडेबारा हजार किलो. आपल्या मशीनवर ते उघडलं की साडेबारा किलो होतं. इथे रूप बदललं असं म्हणून चालणार नाही, किंमतच बदलली. रीजन परत फिरवून ती सुधारत नाही. अशा फाइलसाठी लोकेल ‘डच (नेदरलँड्स)’ देऊनच आणायची. रक्कम मजकूर म्हणून आलीच असेल तर ‘नंबरव्हॅल्यू’ हे फंक्शन वापरा. एक्सेल २०१३ पासून ते आहे, आणि दशांशाचं चिन्ह कोणतं, गटाचं कोणतं हे त्याला आपण सांगतो. रीजनवर अवलंबून राहायचं कारणच उरत नाही.

आता तुमच्या प्रश्नातल्या त्या गमतीकडे येऊ: एका रकान्यात $ आला आणि शेजारच्यात ₹ टिकला, असं का? कंट्रोल आणि १ दाबून दोन्ही सेलचा फॉरमॅट ‘कस्टम’मध्ये बघा. टिकलेल्या सेलमध्ये साधारण असं काहीतरी दिसेल:

[$₹-4009] #,##0.00

चौकोनी कंसातला 4009 हा ‘भारतातलं इंग्रजी’ याचा क्रमांक आहे. नव्या आवृत्त्यांत त्या जागी भाषेची आणि देशाची अक्षरं दिसतील. अर्थ तोच: चिन्ह इथेच ठोकून बसवलंय, जगात कुठेही उघडलं तरी ₹ च दिसेल. डॉलर झालेल्या सेलमध्ये असा कंस नसेल. तिथे कुणीतरी वरच्या पट्टीतलं चलनाचं बटण दाबलं होतं, म्हणजे एक्सेलला सांगितलं होतं की ‘जिथे उघडशील तिथलं चलन दाखव’. अमेरिकन रीजनमध्ये त्याने इमानेइतबारे डॉलर दाखवला.

निर्यातीच्या बिलात हा फरक जीवघेणा ठरतो. एका निर्यातदाराच्या फाइलमध्ये डॉलरचा रकाना नीट ठोकलेला होता आणि रुपयाचा रकाना बटण दाबून केलेला. रीजन बदललं आणि शेजारी-शेजारी दोन डॉलरचे रकाने उभे राहिले, एकात १५,००० आणि दुसऱ्यात बारा-साडेबारा लाख. तीच शीट पीडीएफ करून परदेशी गेली. तिकडून विचारणा आली की नक्की कोणती रक्कम पाठवायची. आकडे सगळे बरोबर होते आणि तरी बिल चुकीचं होतं. म्हणून सांगतो, आज सकाळपासून तुमच्याकडून जी पीडीएफ बाहेर गेली असतील ती सगळी एकदा उघडून बघा.

कायमचा उपाय हा: जिथे-जिथे रक्कम आहे तिथे रकाना निवडा, कंट्रोल आणि १, ‘करन्सी’, आणि चिन्हांच्या यादीत वरचा नुसता ₹ घेऊ नका. खाली उतरून ‘₹ इंग्लिश (इंडिया)’ घ्या. डॉलरचे रकाने असतील तिथे त्याचप्रमाणे ‘$ इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)’ घ्या. पिव्होट टेबल असेल तर सेलला फॉरमॅट देऊन थांबू नका, ‘व्हॅल्यू फील्ड सेटिंग्ज’मधून ‘नंबर फॉरमॅट’ द्या.

एवढं करूनही चिन्हच ठोकलं जातं, स्वल्पविराम नाही. एक्सेल स्वल्पविरामाची जागा विंडोजकडूनच घेतं. तुमच्या शेजारच्या रकान्यात ₹ राहूनही आकडा १,२५०,००० झाला तो यामुळे. तुमचं मशीन दुरुस्त झालं तरी सीए साहेबांचं किंवा परदेशातल्या ग्राहकाचं मशीन तुमच्या हातात नाही. ऑफिसात काही ठिकाणी आयटीवाले सेटिंगला हात लावू देत नाहीत. अशा वेळी हा कस्टम फॉरमॅट कामाला येतो:

[>=10000000]"₹ "##\,##\,##\,##0.00;[>=100000]"₹ "##\,##\,##0.00;"₹ "##,##0.00

कोडमधले आकडे इंग्रजी आकड्यांतच टाका, आणि अवतरणचिन्हं सरळ हवीत. मोबाइलवर फॉरवर्ड झालेल्या मजकुरातून कॉपी केलं की ती वाकडी होतात आणि एक्सेल कोड नाकारतं. यात आपण स्वल्पविराम हाताने लिहिलेत. त्यांच्याआधीची तिरकी रेघ म्हणते की ‘हा स्वल्पविराम जसाच्या तसा छाप’. कोटी आणि त्यावर असेल तर पहिला तुकडा, लाख ते कोटी दुसरा, लाखाखाली तिसरा. एकच तुकडा सगळ्यांना का नाही? करून बघा: पाच हजारांच्या आधी दोन अनाथ स्वल्पविराम छापले जातात. गूगल शीट्समध्येही हाच कोड चालतो.

याची दोन दुखणी आहेत. एक, ९९,९९९.९९९ सारखा आकडा. तो लाखापेक्षा कमी म्हणून तिसऱ्या तुकड्यात जातो, पण दोन दशांशात दाखवताना पूर्ण लाख होतो आणि अमेरिकन मशीनवर १००,०००.०० दिसतो. गणितातून आलेल्या रकमा आधी राउंड केल्या की हे टळतं. दुसरं दुखणं मोठं आहे: उणे रकमा. एक्सेल फॉरमॅटमध्ये दोनच अटी घालू देतं, त्या आपण वापरून टाकल्या. त्यामुळे उणे साडेबारा लाख थेट तिसऱ्या तुकड्यात जाऊन पुन्हा अमेरिकन होतात. यावर इंटरनेटवर लांबलचक कोड फिरत असतात, मी ते वापरत नाही. कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये दोन नियम करा. सेलची किंमत -10000000 किंवा त्याहून कमी असेल तर नंबर फॉरमॅट

##\,##\,##\,##0.00

आणि त्याखालच्या नियमात, किंमत -100000 किंवा त्याहून कमी असेल तर

##\,##\,##0.00

पहिला नियम यादीत वर हवा आणि त्याला ‘स्टॉप इफ ट्रू’ लावा. एकच तुकडा असल्यामुळे उण्याचं चिन्ह एक्सेल स्वतःच लावतं. रुपयाचं चिन्हही हवं असेल तर प्रत्येकाच्या सुरुवातीला वरच्यासारखंच जोडा. नियम लावल्यावर उणे साडेबारा लाख आणि उणे सव्वा कोटी अशा दोन रकमा टाकून डोळ्यांनी खात्री करा. जमाखर्चात उणे चिन्ह गायब होणं परवडत नाही.

‘टेक्स्ट’ फंक्शनबद्दल माझं मत जरा कडक आहे. अनेकजण या गोंधळाला कंटाळून रकमेचा टेक्स्ट करून टाकतात. दिसतं छान, पण तो आकडा राहात नाही; खालची बेरीज त्याला मोजतच नाही, चूकही दाखवत नाही. टेक्स्ट वापरा तो फक्त पत्रासाठी, बाजूच्या वेगळ्या रकान्यात. वर्डमध्ये मेल मर्ज करताना याचा खरा उपयोग आहे, कारण वर्डला सेलमधला उघडा आकडा मिळतो, साज मिळत नाही. मूळ रक्कम मात्र आकडाच असू द्या. आधीच टेक्स्ट झालेल्या रकमा परत आणायच्या असतील तर ‘सब्स्टिट्यूट’ने ₹ काढा, मग नंबरव्हॅल्यू लावा. तरीही चूक आली तर आत न तुटणारी मोकळी जागा असते, वेबसाइटवरून कॉपी केलेल्या रकमांत ती हटकून सापडते. दिसायला साधी स्पेस, पण तिचा क्रमांक १६०. ‘कॅर’ फंक्शनला १६० देऊन तीही सब्स्टिट्यूटने काढा.

तुम्ही वापरत नाही, पण अनेक लहान संस्था लिबरऑफिस वापरतात म्हणून दोन ओळी. तिथे ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’मध्ये भाषेच्या सेटिंग्जखाली लोकेल आणि डीफॉल्ट करन्सी असते, ती इंग्लिश (इंडिया) आणि आयएनआर करा. शिवाय सेलच्या फॉरमॅटमध्येच भाषा निवडता येते आणि ग्रुपिंग त्या भाषेप्रमाणे होतं. लाख-कोटीसाठी वर दिलेली कसरत लागत नाही. या एका बाबतीत फुकटचं सॉफ्टवेअर पुढे आहे. पण फाइल एक्सेलमध्ये गेली की तिथे पुन्हा विंडोजचं राज्य.

आता ₹ चिन्हाबद्दल. १५ जुलै २०१० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ते मंजूर केलं, त्याच वर्षी युनिकोड ६.० मध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, त्याला जागा मिळाली, आणि विंडोजला ते समजायला पुढच्या वर्षी एक अपडेट यावं लागलं. म्हणजे अपडेटने चलनाचं रूप बदलण्याचा हा खेळ जुनाच आहे, तेव्हा आपल्या बाजूने होता. मधल्या काळात एक तात्पुरता फॉन्ट फिरत होता, ज्यात कीबोर्डवरच्या एकच्या डावीकडची की दाबली की रुपया उमटायचा. त्या काळातल्या फाइल आज उघडल्या की रकमेआधी एक तिरपी टिकली दिसते. ती खराबी नाही, फॉन्ट गेला आणि मूळ अक्षर उघडं पडलं. तुमच्या २०१०-११ च्या जुन्या फाइलमध्ये असं काही दिसलं तर ते या अपडेटच्या माथी मारू नका.

₹ टाइप होत नसेल तर कीबोर्डही बदलला गेलाय. ‘इंग्लिश (इंडिया)’ कीबोर्डवर उजवा ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ येतो, अमेरिकन कीबोर्डवर येत नाही. सूत्रात हवा असेल तर ‘युनिकॅर’ला ८३७७ द्या. बँकेत पगाराची फाइल अपलोड करायची असेल तर मात्र चिन्ह नकोच. सीएसव्ही सेव्ह करताना एक्सेल सेलमध्ये दिसतं तसंच लिहितं; ₹ आणि स्वल्पविरामासकट रक्कम जाते आणि पोर्टल फाइल परत करतं. त्यातही साधा सीएसव्ही प्रकार निवडला तर ₹ चं प्रश्नचिन्ह होतं. अपलोडच्या शीटवर रकमेचा फॉरमॅट नुसता 0.00 ठेवा.

जाता जाता एक गंमत. एक्सेलमध्ये ‘डॉलर’ नावाचं फंक्शन आहे आणि भारतीय रीजनमध्ये ते रुपया दाखवतं. ‘बाहटटेक्स्ट’ नावाचंही आहे, ते थाई भाषेत अक्षरी रक्कम लिहून देतं. ‘अक्षरी रुपये’ लिहून देणारं काही नाही. थायलंडच्या हिशेबनिसांनी कुणाला द्राक्षं खिलवली होती कोण जाणे.

आणि शेवटी तुमच्यासाठी एक काम. रीजन दुरुस्त झालं की एक नवी फाइल करा, नाव ‘अपडेट तपासणी’. पहिल्या सेलमध्ये 1234567.89, पट्टीतलं चलनाचं बटण दाबून. दुसऱ्यात तीच रक्कम, ठोकलेल्या ₹ सह. तिसऱ्यात तीच रक्कम उणे. त्या फाइलशेजारी एक छोटी सीएसव्हीही ठेवा, तिच्यात 03-04-2025 आणि 25-04-2025 एवढ्या दोनच ओळी. कॉम्प्युटर ‘अपडेट पूर्ण झालं’ म्हणाला की हिशेबाची फाइल उघडण्याआधी या दोन उघडायच्या. पहिल्या सेलमध्ये ₹ १२,३४,५६७.८९ दिसलं आणि सीएसव्हीतल्या दोन्ही तारखा उजवीकडे चिकटलेल्या दिसल्या तर कामाला लागा. नाहीतर कंट्रोल पॅनेल.

आज सकाळचं बँक स्टेटमेंट कुणी उघडून सेव्ह केलंय का, ते मात्र आत्ताच विचारून घ्या.